खोडव्यात केवडा पडलाय, हिराकस टाकू का झिंक?

खोडवा_पलूस
राम राम मंडळी. पलूस तालुका, नदीपासनं दीडदोन किलोमीटर आत, काळी जमीन. ८६०३२ जातीच्या उसाचा खोडवा (तुटल्यावर बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) आहे सव्वा एकर. ऊस जानेवारीत तुटून गेला, पाचट जाळलं नाही, कुट्टी करून सरीतच ठेवलं, बगला फोडून पहिला डोस दिला. फुटवे चांगले आलेत पण रानाच्या खालच्या अंगाला एक पट्टा आहे अंदाजे १० गुंठ्यांचा तो पार पिवळा पडलाय, केवडा म्हणतात तसा. नुसता पिवळा म्हणून चालणार नाही, शेंड्याची सुरळी पांढरीफटक, वहीच्या कागदासारखी दिसतीय, आणि त्याच फुटव्याची खालची जुनी पानं मात्र हिरवी. वरच्या अंगाला त्याच दिवशी तुटलेला तोच ऊस, तेच खत, तेच पाणी आणि काळाभोर.

दुकानात पान दाखवलं तर त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि "मायक्रोची कमतरता आहे" म्हणून एक लिटरची बाटली हातात दिली, सगळे सूक्ष्म अन्नघटक एकात. दोन फवारण्या मारल्या, काडीचा फरक नाही. परत गेलो तर म्हणतोय डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाका एक पोतं, मुळी चालेल. तेवढं अजून टाकलं नाही. घरी वडील म्हणतात ऊस आहे तो, पाणी दे, आपोआप हिरवा होतोय. म्हणून दर पाचव्या दिवशी पाट सोडतायत.

आता एक जण सांगतोय हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) टाक, एक जण सांगतोय झिंक (जस्त) टाक, एक जण म्हणतोय दोन्ही डीएपीत मिसळून टाक म्हंजे मजुरी वाचते. नेमकं काय करावं? खर्च बाटलीतच निम्मा संपलाय.

ठिबकवाला_आष्टा
भावा चिलेटेड फेरस घे, ईडीटीएवालं (लोहाला धरून विरघळतं ठेवणारं रसायन), ठिबकमधनं सोड एकरी एक किलो. चार दिवसात रिझल्ट. बाकीच्या भानगडीत पडू नको.

खोडवा_पलूस
ठिबक नाही दादा, पाटपाणी आहे.

कृष्णाकाठचा_म्हातारा
बाळ, औषध विचारायच्या आधी रोग बघावा. तीन गोष्टी सांग.

एक, पिवळं पान शेंड्याचं आहे का बुडाचं हे तू सांगितलंस, शेंड्याचं. म्हंजे नत्र कमी पडलेलं नव्हे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, बूड आधी पिवळं होतं. लोखंड तसं हलत नाही, जिथं बसलं तिथंच राहतं, म्हणून नवीन पान उपाशी. पण त्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशा उभ्या रेघा आहेत का आधी? का एकदम पांढरं आलं?

दोन, त्या पट्ट्यात एखादं बेट असं आहे का की गवतासारखे बारीक बारीक फुटवे, पन्नास शंभर, सगळे पांढुरके आणि एकाचीपण कांडी धरत नाही? तसं असलं तर तो केवडा नव्हे, ती गवताळ वाढ. त्याला हिराकस नाही आणि काही नाही, बेट मुळासकट उपटायचं आणि लांब नेऊन जाळायचं. खोडव्यात लई जणांची यात गफलत होती. केवड्यात फुटवा जाड असतो, फक्त रंग गेलेला असतो.

तीन, आणि हे नीट आठवून सांग. त्या खालच्या पट्ट्यात कधी जेसीबी घातला होता का?

खोडवा_पलूस
आबा, रेघा आहेत. थोडं वरच्या बाजूला जिथं पिवळं कमी आहे तिथं शिरा हिरव्या स्पष्ट दिसत्यात, पट्ट्याच्या मधे गेलं की शिरापण गेल्या. गवताळ बेटं दोनच सापडली, ती आजच काढली, बाकीचे फुटवे अंगठ्याएवढे जाड आहेत.

आणि जेसीबीचं तुम्हाला कसं कळलं? दोन वर्षांमागं सपाटीकरण केलं होतं लागणीच्या आधी. खाली उंचवटा होता, पाणी चढत नव्हतं, तो दीडदोन फूट काढून माती वरच्या खोलगट भागात ढकलली. लागणीला पण तिथं ऊस जरा फिका होता पण एवढा नव्हता.

कृष्णाकाठचा_म्हातारा
मग झालं की. वरची कसदार माती तू वरच्या रानात ढकललीस आणि खालची पांढरी चुनखडी उघडी पाडलीस. वर काळाभोर का आणि खाली पिवळा का, हे त्यातच आलं. आमच्या गावात सपाटीकरण केलेल्या निम्म्या रानांची हीच कथा आहे. फुटाची माती बाजूला काढून ठेवायची, खालचं सपाट करायचं आणि मग तीच माती परत पसरायची असते, पण जेसीबीचं मीटर तासावर पडतं त्यामुळं एवढं कोण करतंय.

खात्री करायला एक खेळ सांगतो. किराणा दुकानात नव्हे, खताच्या दुकानात हिराकस मिळेल, हिरवे खडे. अर्धा लिटर पाण्यात अडीच ग्रॅम, म्हंजे अर्धा चमचा, विरघळव. पोरांचा रंगाचा ब्रश घे. चार पिवळी पानं निवड आणि पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला ते पाणी लाव, दुसरी बाजू कोरडी. पानाला दोरा बांध खुणेला. आठ दहा दिवसांनी बघ. लावलेली बाजू हिरवी झाली तर लोखंड, नाही झाली तर आपण दुसरं बघू. वीस रुपयाचं काम आहे.

मातीवाली_मिरज
आबांनी अगदी बरोबर सांगितलंय. मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते म्हणून थोडी आकड्यांची भर घालते.

लोक म्हणतात जमिनीत लोह कमी आहे. कमी नसतं हो. एका एकराचा वरचा अर्धा फूट थर धरला तर माती साधारण नऊ लाख किलो भरते, आणि आपल्या काळ्या जमिनीत लोह चार टक्के जरी धरलं तरी ते ३६ टन झालं. तुम्ही १० किलो हिराकस टाकता त्यात लोह असतं १९ टक्के, म्हणजे दोन किलोला पण कमी. ३६ टनात दोन किलोनं काय होणार असा प्रश्न पडायलाच पाहिजे. अडचण ही आहे की ते ३६ टन मुळीला घेता येत नाही. सामू म्हणजे पीएच एक आकड्यानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं लोह हजार पटीनं कमी होतं, आणि चुनखडीच्या जमिनीत पीएच साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान अडकून राहतो. तिजोरी भरलेली आहे पण किल्ली चुन्याच्या खाली.

म्हणूनच नुसतं हिराकस जमिनीवर फेकलं की दोनचार दिवसात त्याचा गंज होतो, ते पण त्या ३६ टनात जमा. शेणखतात मुरवून द्यायचं कारण हे. शेणखतातली आम्लं त्या लोहाला धरून ठेवतात, चुन्याला लवकर लागू देत नाहीत.

रिपोर्टमध्ये बघायचं तर डीटीपीए पद्धतीनं लोह साडेचार पीपीएमच्या खाली आणि जस्त ०.६ च्या खाली असलं की कमतरता समजतात. पण चुनखडी जास्त असली की लोह रिपोर्टला ठीक दिसूनसुद्धा पीक पिवळं पडतं, म्हणून त्यासोबत मुक्त चुन्याचा आकडा बघा. तो १० टक्क्यांच्या वर असला की आबांची गोष्ट खरी. आणि नमुना वरच्या रानाचा आणि त्या पट्ट्याचा वेगवेगळा द्या. लोक सगळ्या रानातनं सहा ठिकाणची माती घेऊन एकत्र करतात, मग चांगल्यात वाईट मिसळतं आणि रिपोर्ट येतो "मध्यम".

घाई असली तर बाथरूम साफ करायचं ॲसिड असतं ना, त्याचे दोन थेंब मातीच्या ढेकळावर टाका. लांबनं, हात सांभाळून, चप्पल घालून. फसफसलं की चुना आहे.

खोडवा_पलूस
ताई ते आत्ताच करून आलो. वरच्या रानातलं ढेकूळ, काही नाही, जरासं चुरचुरलं. खालच्या पट्ट्यातलं असं फसफसलं की सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखं, फेस आला वर. वडील बघत होते, ते म्हटले "हे काय जादूचे प्रयोग चाललेत". पण परत स्वतः एक ढेकूळ आणून टाकून बघितलं त्यांनी 😄

आता त्या बाटलीचं सांगा. तिच्यात लोह होतंच की मग फरक का नाही?

मातीवाली_मिरज
बाटलीमागं बारीक अक्षरात टक्केवारी छापलेली असते, खत नियंत्रण आदेशानं ती छापावीच लागते. आपल्याकडं मिश्रणाचे दोन ग्रेड चालतात, ग्रेड १ जमिनीतनं द्यायला आणि ग्रेड २ फवारायला. ग्रेड २ मध्ये लोह अडीच टक्के असतं. म्हणजे लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास. एक किलो हिराकसात १९० ग्रॅम. मिश्रण वाईट नाही, सगळ्याचीच थोडी थोडी उणीव असली तर उपयोगी आहे, पण तुमच्या उसाला एकाच गोष्टीची भूक लागलीय आणि तुम्ही त्याला थाळीतली चटणी वाढताय.

ठिबकवाला_आष्टा
मग माझं काय चुकलं ताई, चिलेट तर चुन्यातपण चालतंय की

मातीवाली_मिरज
सगळी चिलेटं नाही दादा. ईडीटीएवालं लोह पीएच साडेसहाच्या आसपासपर्यंत धरून राहतं, त्यावर गेलं की लोह सोडून देतं आणि चुन्यातलं कॅल्शियम धरतं. फवारायला ईडीटीए उत्तम, पानावर चुना नसतो. पण असल्या जमिनीत सोडायचं तर ईडीडीएचए पाहिजे, ते लालसर तपकिरी असतं, लोह सहाच टक्के, आणि किंमत अशी की उसाला परवडत नाही. द्राक्षवाले वापरतात. तुमच्याकडं ईडीटीएनं फरक पडला असेल तर तुमची जमीन बरी आहे, समाधान माना.

द्राक्ष_तासगाव
आमचं नाव निघालं म्हणून लिहितो. बागेत आम्ही देठ परीक्षण केल्याशिवाय आता काही सोडत नाही, पण ही अक्कल फुकट आलेली नाही. तीन वर्षांमागं ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या आधी बोरॉन द्यायचं होतं. एका कृषी सल्लागारानं पावडर दिली, दुकानदारानं वर एक बाटली दिली, दोन्हीत बोरॉन होतं हे मी वाचलंच नाही, ठिबकमधनं पण सोडलं आणि फवारलं पण. पंधरा दिवसात जुन्या पानांच्या कडा तव्यावरच्या भाकरीसारख्या करपल्या, आतला भाग हिरवा आणि कडेनं तपकिरी गोट. आधी वाटलं मिठाचं पाणी लागलं. मग देठाचा रिपोर्ट आला तर बोरॉन पार वर. काढून घेता येत नाही ना ते, पाणी देत धुवत बसायचं.

तर बाकीचं थोडं जास्त झालं तर पैसे जातात, बोरॉन जास्त झालं तर पीक जातं. कमी आणि जास्त यात अंतरच नाही त्याच्यात. टाकणखार (बोरॅक्स, बोरॉनचं खत) एकरी दोन किलो सांगितला असला तर दोनच, "असूदे जरा" म्हणून मूठ वाढवायची नाही.

आलेवाला_कोरेगाव
साताऱ्याकडनं हजेरी. आल्याला पण हेच, पावसाळ्यात केवडा पडला की आमच्याकडं लोक आधी बुरशीनाशकाची ड्रेंचिंग (मुळाशी औषध ओतणं) करतात, मग कीटकनाशक, मग कुणीतरी सांगतं अरे ते फेरस आहे. हे काही आजचं नाही म्हणा. भाताचा खैरा रोग म्हणून होता उत्तरेत, पानं तांबूस पडायची, पीक बसायचं. १९६६ साली पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी दाखवलं की तो रोगच नव्हे, जस्ताची कमतरता. झिंक सल्फेट फवारलं की भात उठायचा.

एक शंका ताईंना. भातात पाणी साठलं की लोह सुटतं म्हणतात, मग उसात पाणी जास्त झालं की केवडा वाढतो हे उलटं कसं?

मातीवाली_मिरज
छान विचारलंत. भाताच्या खाचरात आठवडेच्या आठवडे पाणी राहतं, हवा संपते आणि गंजलेलं लोह परत विरघळतं. भाताच्या मुळीला वरनं हवा न्यायची सोय असते. चुनखडीच्या रानात दर पाचव्या दिवशी पाट सोडला तर तेवढं होत नाही, अर्धवट होतं. मुळ्या आणि जिवाणू श्वास सोडतात तो वायू मातीत कोंडतो, चुन्यासोबत त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि ते बायकार्बोनेट मुळीला लोह घेऊ देत नाही आणि घेतलेलं पानात पोचू देत नाही. त्यात पांढऱ्या मुळीला हवा नाही. म्हणून पाण्यानं हिरवा होईल हे या पट्ट्यापुरतं तरी खरं नाही. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर राहून आत हवा खेळू द्या. वडिलांना मी सांगितलं म्हणून सांगू नका, आबांनी सांगितलं म्हणून सांगा 🙂

कृष्णाकाठचा_म्हातारा
सांग माझं नाव. माझंपण कोण ऐकत होतं तिशीत.

आता करायचं काय ते लिहितो, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५ किलो हिराकस, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगनीज सल्फेट, ५ किलो टाकणखार अशी आहे. एकरी म्हंजे १०, ८, ४, २. तुझा पट्टा १० गुंठे, पाव एकर. अडीच किलो हिराकस, झिंक रिपोर्टला कमी आलं तर दोन किलो, बाकीच्याला रिपोर्ट येईपर्यंत हात लावू नको. वरच्या एक एकराला काही नको, तिथं पैसे घालू नको.

चांगलं कुजलेलं शेणखत खताच्या दहा पट घे. तुझ्या पट्ट्याला पन्नास किलो म्हंजे दोन पाट्या जास्तच, कमी नको. सावलीत ढीग कर, हिराकस पसरून कालव, पाणी शिंपड, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकं, वर गोणपाट. पाच सहा दिवस मुरू दे. मग बुडाजवळ चळी (उथळ चर) घेऊन टाक आणि मातीआड कर. उघड्यावर ठेवलंस की ऊन खाऊन परत गंज.

डीएपीत मिसळायचं सांगणाऱ्याला चहा पाज आणि घरी पाठव. डीएपीतला स्फुरद आणि जस्त एकत्र आलं की दोघांची गाठ बसती, दोन्ही उसाच्या कामाचं राहत नाही. आपल्या रानात आधीच वर्षानुवर्ष डीएपी टाकून स्फुरद साठलाय.

तोवर ऊस हिरवा करायला फवारणी. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस, १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आधी सायट्रिक टाक मग हिराकस, नाहीतर बोअरच्या जड पाण्यात टाकल्या टाकल्या पाणी चहासारखं होतं. तसं झालं तर ओतून दे, ते मारून उपयोग नाही. संध्याकाळी चार नंतर मार, नोझल शेंड्यावर. आठ दहा दिवसांनी परत. दोन तीन वेळा लागंल, कारण फवारलेलं त्याच पानापुरतं, नवीन पान परत उपाशी येतं.

खोडवा_पलूस
आबा घरात गेल्या वर्षीचं हिराकसचं अर्धं पोतं आहे शेडमधे, ते चालेल का? रंग जरा बदललाय.

कृष्णाकाठचा_म्हातारा
खडा फोडून बघ. आत पोपटी असला तर चालंल. आतपर्यंत तांबूस पिवळा, पत्र्यावरच्या गंजासारखा झाला असला तर त्यात लोखंड आहे पण उसाला ते तुझ्या रानातल्या ३६ टनासारखंच.

खोडवा_पलूस
आतपर्यंत तांबूस. गेलं ते. नवीन आणतो.

खोडवा_पलूस
अकरा दिवसांनी लिहितोय, पाहुण्यांचं लग्न होतं त्यामुळं उशीर. चार पानांना ब्रशनं लावलं होतं, एकाचा दोरा सापडला नाही, एक पान वाऱ्यानं फाटलं. राहिलेल्या दोन पानांवर मधल्या शिरेच्या एका बाजूला हिरवा रंग आलाय, पूर्ण नाही, ठिपक्या ठिपक्यांचा, जिथं जिथं थेंब ओघळला तिथं तिथं बोटाएवढी हिरवी पट्टी आणि बाजूला पांढरंच. दुसरी बाजू आहे तशी. वडिलांनी ते पान तोडून पारावर नेलं आणि तिथं सगळ्यांना दाखवलं, माझ्या पोरानं काढलं म्हणून. ढेकळाचा प्रयोग पण करून दाखवतायत, बाथरूमचं ॲसिड संपवलंय.

हिराकस मुरवून परवा टाकलं, एक फवारणी झाली. माती दोन वेगळ्या पिशव्यांत कारखान्याच्या लॅबला दिलीय. पाणी आता आठ नऊ दिवसांनी, वाफसा बघून. पण एक अडचण आहे, सगळं रान एकाच पाटावर आहे, वरच्या अंगाला पाणी लागतं आणि खालच्याला नको, पट्टा वेगळा कसा तोडायचा?

कृष्णाकाठचा_म्हातारा
सरीच्या मधे मातीचा बांध घाल, पट्ट्याच्या आधी, आणि पट्ट्याला एकाआड एक सरीतनं पाणी दे. आणि पुढच्या लागणीच्या आधी त्या दहा गुंठ्यात ताग पेरून हिरवाच गाड, कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळाली तर चार ट्रॉल्या टाक. या खोडव्यात तो पट्टा वरच्यासारखा व्हायचा नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो. टनेज धरताना ते दहा गुंठे निम्मेच धर.

द्राक्ष_तासगाव
रिपोर्ट आला की इथं टाका दादा, बोरॉनचा आकडा आधी बघा.